पॉवेलच्या पाटीवर नसलेली तीन नावं



इतिहास हा काही माझा विषय नाही. इंजिनिअरिंग केलं, इकडे आलो, दिवसभर कोड लिहितो आणि सवड मिळाली की डोंगर शोधतो. पुण्यात असताना शनिवारी रात्रीची शेवटची एसटी पकडून सह्याद्रीत जायची खोड लागली होती, ती इथेही सुटलेली नाही. त्या खोडीपायीच ही गोष्ट हाती लागली. थोडी लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

ऑक्टोबर २०१९. आम्ही चौघं ग्रँड कॅन्यनला गेलो होतो. एक नाशिककर, एक सांगलीकर, एक नागपूरकर आणि मी. दक्षिण काठावरून ब्राइट एंजल ट्रेलने नदीपर्यंत उतरायचं, रात्री तिथे तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी वर यायचं, असा बेत. परमिट कित्येक महिने आधी काढलेलं.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ही दरी एका बाबतीत हमखास फसवते. आपल्याकडे गड आधी चढायचा असतो. दमलात तर अर्ध्यातून उतरायचं आणि पायथ्याच्या गावात चहा प्यायचा. इथे सगळं उलटं. आधी उतार, गप्पा मारत, फोटो काढत. खरी परीक्षा नंतर, पाय संपल्यावर. चुकीचा निर्णय घेतला हे कळतं तेव्हा तुम्ही तळाला असता.

साडेचार मैल आणि तीनएक हजार फूट उतरल्यावर झाडी आणि पाणी असलेली एक जागा लागते. तेव्हा तिचं नाव इंडियन गार्डन होतं. तिथून हुसकावल्या गेलेल्या हवासुपाई लोकांच्या नावाने २०२२ मध्ये ती हवासुपाई गार्डन्स झाली. तिथे आमचा नाशिककर बाकावर बसला. गुडघा दाबून पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाला, "खाली मी जाईन रे. वर येणं माझ्या हातात राहणार नाही. मी इथूनच परत फिरतो."

आम्ही त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एक शब्द मात्र लिहायला हवा, कारण तो माझा होता: पळपुटा. तो हसला, सॅकमधली शेंगदाण्याची चिक्की आमच्या हातात ठेवली आणि सावकाश वर चालू लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं अक्षरशः रांगत वर आलो, तेव्हा पठ्ठ्याने खोलीवर राइस कुकरमध्ये खिचडी टाकून ठेवली होती. वर साजूक तूपसुद्धा!

तिसऱ्या दिवशी पायांत त्राण नव्हतं, म्हणून शटल बसने काठावरची ठिकाणं बघत हिंडलो. त्यात पॉवेल पॉइंट लागला. तिथे पायऱ्या-पायऱ्यांचा एक दगडी चौथरा आहे. ग्रँड कॅन्यनमधून पहिल्यांदा नावा घेऊन गेलेल्या मेजर जॉन वेस्ली पॉवेल याचं हे स्मारक, १९१८ साली अर्पण केलेलं. त्यावर ब्राँझची पाटी आहे आणि पाटीवर त्याच्या सोबत्यांची नावं. मी आदल्या आठवड्यात थोडंफार वाचून गेलो होतो, म्हणून नावं मोजली. हिशेब जुळेना. बसमध्ये फोनवर शोधलं, घरी येऊन लायब्ररीतून पुस्तकं आणली. पाटीवर जी तीन नावं नाहीत, त्यांची ही गोष्ट.

१८६९ सालचा अमेरिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १० मे रोजी युटामध्ये दोन बाजूंचे रूळ जोडले गेले आणि देश आगगाडीने आरपार बांधला गेला. पण त्याच नकाशावर कोलोरॅडो नदीच्या मधल्या भागात मोठा कोरा पट्टा होता. अर्थात कोरा तो वॉशिंग्टनच्या कागदावर. हवासुपाई, वालापाई, पायूट, होपी हे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते, आणि स्पॅनिश सैनिकांनी १५४० सालीच ही दरी काठावरून पाहिली होती. १८५७-५८ मध्ये लष्करातला लेफ्टनंट आइव्ह्ज खालच्या अंगाने आगबोट घेऊन आला, नंतर जमिनीवरून दरीत उतरला, आणि हा मुलूख कवडीमोल आहे, इथे आमच्यानंतर कुणी फिरकणार नाही अशा अर्थाचं लिहून गेला. (आज तिथे वर्षाला काही लाख माणसं जातात. अंदाज चुकण्यात आपण आयटीवाले एकटे नाही!)

पॉवेल हा इलिनॉयमधला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. वय ३५. एप्रिल १८६२ मध्ये यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली आणि कोपराखालचा हात कापावा लागला. अशा माणसाने ठरवलं की ही नदी वरून खालपर्यंत नावेने जाऊन मोजायची. २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनवरून दहा माणसं चार नावांमधून निघाली. नावा शिकागोला बांधून नव्याकोऱ्या रेल्वेने आणल्या होत्या. तीन ओक लाकडाच्या, २१ फुटी आणि जड. चौथी पाइनची, हलकी, १६ फुटी. तिचं नाव पॉवेलच्या बायकोवरून 'एमा डीन'. सोबत दहा महिन्यांचा शिधा.

दहांपैकी पाण्याच्या अशा धबडग्यातून नाव काढण्याचा अनुभव कुणालाही नव्हता. बरेचसे युद्धातून सुटलेले शिपाई आणि रॉकी पर्वतात शिकारीवर पोट भरणारे गडी. वल्ही मारणारा पाठमोरा बसायचा, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला दिसतच नसे. जीवरक्षक जाकीट फक्त एक, ते एकहाती मेजरला. नावेवर बांधलेल्या खुर्चीचा जो प्रसिद्ध फोटो आपण बघतो, तो पुढच्या, दुसऱ्या मोहिमेतला आहे.

आता त्या तिघांकडे येऊ. ओरॅमेल हाउलंड, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन. थोरला हाउलंड छापखान्यात आणि वर्तमानपत्रात काम केलेला, लिहिता-वाचता माणूस. मोहिमेत त्याचं काम नकाशा काढण्याचं. डनचं काम वायुभारमापक घेऊन कडे चढायचं आणि उंची मोजायची. धाकटा सेनेका शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दोन आठवडेच झाले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लोडोर नावाच्या घळीत हाउलंड बंधू आणि फ्रँक गुडमन ज्या नावेत होते ती 'नो नेम' एका उतारावर खडकांवर आपटून फुटली. पुढून मेजरने थांबायची खूण केली होती, पण ती यांना वेळेत दिसली नाही. माणसं वाचली. पण जवळपास तिसरा हिस्सा शिधा गेला, आणि हाउलंडने तोवर काढलेला नकाशाही. फुटक्या नावेचा एक तुकडा खाली अडकला होता. त्यातून वायुभारमापक सापडले तेव्हा काठावर जल्लोष झाला. मेजरला वाटलं, पोरांना विज्ञानाची केवढी आस्था! पोरं ओरडत होती ती त्याच नावेत लपवलेलं व्हिस्कीचं पिंप सापडलं म्हणून. ही गंमत पॉवेलने स्वतःच लिहून ठेवली आहे. पण खूण कुणी चुकवली, हा सल मेजर आणि हाउलंड यांच्यात तिथपासून राहिला.

जुलैच्या सुरुवातीला युइंटा भागात वस्ती जवळ होती. तिथे गुडमन म्हणाला, मला पुरे झालं, आणि निघून गेला. तो सुखरूप परतला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच सुमारास रिस्डन नावाचा एक इसम वर्तमानपत्रांना सांगत फिरत होता की पॉवेलची सगळी माणसं बुडाली, मी एकटा वाचलो. बातमी देशभर छापून आली. एमा पॉवेलने ती खोटी ठरवली, कारण या नावाचा माणूस मोहिमेत नव्हताच. नदीतल्या माणसांना अर्थात यातलं काहीच माहीत नव्हतं.

१० ऑगस्टला ते लिटल कोलोरॅडोच्या संगमावर पोचले. पुढे खरी ग्रँड कॅन्यन. शिधा उरला होता तो असा: बुरसलेलं पीठ पुन्हा पुन्हा वाळवून आणि चाळून घेतलेलं, खराब झालेलं डुकराचं मांस, थोडी सुकवलेली सफरचंदं, आणि कॉफी मात्र मुबलक. दिवसा ऊन, रात्री पाऊस, पांघरुणं सगळ्यांना पुरत नव्हती. ज्या ब्राइट एंजल ओढ्याशेजारी आम्ही तंबू ठोकला होता तिथेच पॉवेलची माणसं थांबली होती. तिथे स्वयंपाकी हॉकिन्सने खाण्याचा सोडा एका खडकावर ठेवला आणि नावेचा दोर लागून तो नदीत गेला. म्हणजे त्यापुढे पाव फुगणंही बंद. आम्ही त्याच ओढ्यात पाय सोडून नाशिककराची चिक्की खात होतो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

हॉकिन्स आणि जॅक सम्नर यांनी पुढे म्हातारपणी सांगितलं की याच टप्प्यात डन पाण्यात पडला आणि मेजरचं घड्याळ भिजून बिघडलं. मेजर म्हणाला, भरपाई दे नाहीतर चालता हो. अशा दरीत चालता हो म्हणजे काय? पंख लावून उडून जा! इतक्या वर्षांनी सांगितलेल्या गोष्टी जपूनच घ्याव्यात. पण एवढं खरं की २७ ऑगस्टची संध्याकाळ आली तेव्हा ही टीम एकजीव राहिलेली नव्हती. तीन महिने ओव्हरटाइम केलेल्या कुठल्याही टीमला हे सांगायला नको.

त्या संध्याकाळी ते एका उताराशी येऊन थांबले. इंग्रजीत ज्याला रॅपिड म्हणतात तो, म्हणजे खडकांमधून नदी एकदम खाली पडत, फेसाळत जाते तशी जागा. आतापर्यंत अशा ठिकाणी ते नावा दोराने धरून काठाकाठाने सोडत, किंवा सरळ उचलून पलीकडे नेत. इथे काठच नव्हता. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाचे कडे थेट पाण्यात. म्हणजे नावेत बसून स्वतःला लोटून द्यायचं, एवढाच मार्ग.

जेवणानंतर थोरल्या हाउलंडने मेजरला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं असं: इथे एक बाजूची घळ उत्तरेला वर जाते. सगळ्यांनीच नदी सोडू, वर पठारावर चढू आणि मॉर्मन वस्त्या गाठू. मी, माझा भाऊ आणि डन, आम्ही तिघं तर पुढे जाणार नाही.

पॉवेलने रात्री ग्रह-तारे पाहून जागेचा अंदाज घेतला. मग वाळूवर काठीने नकाशा काढून हाउलंडला उठवलं. पद्धत सोपी होती: प्रत्येक वळणावर होकायंत्राने दिशा घ्यायची, अंतर डोळ्यांनी अजमावायचं, सगळ्याची बेरीज करायची. त्यावरून व्हर्जिन नदीचा संगम सरळ रेषेत सुमारे ४५ मैल, आणि वळणावळणाच्या नदीने ८०-९० मैल. व्हर्जिनच्या काठाने वर गेलं की माणसांची वस्ती आहे हे ठाऊक होतं.

आता बघा हं. ज्याच्याशी मेजर हुज्जत घालत होता, तो मोहिमेचा नकाशा काढणारा माणूस होता. त्या बेरजेतली प्रत्येक संख्या कशी आली हे त्यालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक. ४५ मैल या आकड्याची भीती त्याला नव्हती. त्या ४५ मैलांत असे उतार किती, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं. आणि हाती जेमतेम काही दिवसांचं पीठ. आपण प्रोजेक्टचं एस्टिमेट देतो तेव्हा उरलेलं काम मोजतो, उरलेल्या काळात काय काय कोसळेल ते मोजता येत नाही. तसंच.

पॉवेल रात्रभर वाळूत येरझारा घालत राहिला. एका क्षणी आपणही नदी सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं, असं त्याने आपल्या पुस्तकात कबूल केलंय. मग एकेकाला उठवून विचारलं. भाऊ वॉल्टर, सम्नर, ब्रॅडली, हॉकिन्स, अँडी हॉल. पाचही जण पुढे जायला तयार झाले. धाकटा सेनेकाही कदाचित थांबला असता, पण भावाला सोडून जाणं त्याला जमेना, असं पॉवेल लिहितो.

२८ ऑगस्टच्या सकाळचं वर्णन मी दोन-तीनदा वाचलं. त्यात भांडण नाही. तिघांना दोन रायफली आणि एक शॉटगन दिली. शिध्यातला वाटा घ्या म्हटलं तर त्यांनी नको म्हटलं, वर शिकार मिळेल म्हणाले. हॉकिन्सने त्यांच्यासाठी बिस्किटं भाजून खडकावर ठेवली. सम्नरने आपलं घड्याळ दिलं, मी बुडालो तर बहिणीला पाठवा म्हणून. मेजरने एमासाठी पत्र दिलं. नावा वल्हवायला माणसं उरली नाहीत म्हणून 'एमा डीन' तिथेच काठाला बांधून ठेवली. आणि जाणाऱ्या तिघांनीच राहणाऱ्यांना उरलेल्या दोन जड नावा खडकावरून उचलून पलीकडे न्यायला मदत केली. दोन्ही बाजूंना वाटत होतं की समोरचे जास्त धोक्याच्या वाटेने चालले आहेत. हे निरीक्षणही पॉवेलचंच. त्याने या तिघांना भित्रे म्हटलेलं नाही.

तिघं एका कड्यावर उभे राहून बघत होते. पहिली नाव सुटली. उतार पार व्हायला जेमतेम एखादं मिनिट लागलं. दुसरीही निघाली. वरून वाटला होता तेवढा तो भयंकर नव्हता! खाली गेलेल्यांनी बंदुका झाडल्या, या रे म्हणून. वाट पाहिली. वरून कुणी आलं नाही. त्याच दुपारी त्याहून वाईट एक उतार लागला, त्यात ब्रॅडलीची नाव सुटली आणि तो एकटा तीत वाहत गेला. तोही वाचला.

आणि दुसऱ्या दिवशी, २९ ऑगस्टला, कडे संपले. मोकळं आकाश. ३० ऑगस्टला व्हर्जिनच्या संगमावर काही मॉर्मन माणसं मासे पकडताना दिसली. त्यांना वरून सांगावा आला होता: पॉवेलच्या मोहिमेचे काही अवशेष वाहत आले तर लक्ष ठेवा. अवशेषांऐवजी सहा जिवंत माणसं आली. निघाल्यापासूनचा ९९ वा दिवस, सुमारे एक हजार मैल.

म्हणजे तिघांनी नदी सोडली तेव्हा कॅन्यन संपायला दीड-दोन दिवस उरले होते. फक्त ते कुणालाही माहीत नव्हतं. मेजरलाही नाही.

तिघं पठारावर पोचले, पण वस्तीपर्यंत गेले नाहीत. काही दिवसांतच बातमी आली की इंडियन लोकांनी त्यांना मारलं. १८७० च्या सप्टेंबरमध्ये पॉवेल स्वतः, जेकब हॅम्बलिन या मॉर्मन दुभाष्याला घेऊन, शिव्विट्स पायूट लोकांना भेटला. त्यांनी सांगितलं की नदीपलीकडे काही खाणवाल्यांनी एका बाईला मारलं होतं, तीच माणसं ही, असं समजून आम्ही यांना मारलं. नदीतून आलो, हे या तिघांचं म्हणणं कुणाला पटलंच नाही. नदीतून कोण कसं येईल? पॉवेलने सूड मागितला नाही. पुढे शंभरेक वर्षांनी काही अभ्यासकांनी वेगळा संशय मांडला, की मारणारे मॉर्मनच असावेत. त्यावर वाद आहे. त्यांचे देह किंवा सम्नरचं घड्याळ कुणाला मिळालं नाही.

इथपर्यंत ही एक दुःखद हकिगत आहे. मला खटकलं ते पुढचं.

पॉवेल राष्ट्रीय हिरो झाला. १८७५ मध्ये त्याचा प्रसिद्ध अहवाल निघाला, १८८१ पासून १८९४ पर्यंत तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा प्रमुख होता. माणूस मोठा होता यात शंका नाही. पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात पाणी बेताचं आहे, तेवढं बघून वस्ती करा, हे त्याने १८७८ सालीच सांगितलं होतं आणि त्याबद्दल पुढे शिव्याही खाल्ल्या. पण त्याचा अहवाल रोजनिशीच्या रूपात असला तरी ती त्या दिवसांत लिहिलेली रोजनिशी नव्हती. त्यात दोन मोहिमांचे अनुभव मिसळलेले होते. त्याच्या माणसांनी तेव्हाच लिहिलेलं, म्हणजे सम्नरची रोजनिशी आणि ब्रॅडलीने गुपचूप लिहिलेली डायरी, छापायला १९४७ साल उजाडलं. तोवर पाऊणशे वर्षं लोकांच्या मनात एकच चित्र पक्कं झालं होतं: सहा शूर आणि तीन पळपुटे. १९१८ च्या पाटीवर म्हणूनच त्यांची नावं नाहीत.

आता त्याच पाटीचा दुसरा अर्धा भाग बघा. त्यावर १८७१-७२ च्या दुसऱ्या मोहिमेतल्या लोकांचीही नावं आहेत. ती मोहीम कुठे संपली? सप्टेंबर १८७२ मध्ये कनाब नावाच्या ओढ्याशी. पाणी चढलेलं होतं, वर इंडियन लोक बिथरल्याची खबर होती, नावा जर्जर झाल्या होत्या. पॉवेलने तिथेच मोहीम थांबवली, नावा सोडून दिल्या आणि सगळे ओढ्याच्या वाटेने वर चढून घरी गेले. अगदी शहाणपणाचा निर्णय. पण कनाब ओढ्यापासून तिघांनी नदी सोडली ती जागा आणखी सुमारे ९५ मैल खाली आहे! म्हणजे जे ९५ मैल अलीकडे थांबले त्यांची नावं ब्राँझमध्ये, आणि जे ९५ मैल पुढे जाऊन थांबले ते पळपुटे. फरक दोनच. कनाबला थांबायचं मेजरने ठरवलं होतं, आणि ते सगळे जिवंत घरी पोचले.

निर्णयाची किंमत आपण त्याच्या निकालावरून लावतो. नावा फुटल्या असत्या तर आज त्या कड्यावर बघत उभ्या राहिलेल्या तिघांना दूरदर्शी म्हटलं असतं आणि पॉवेलला हट्टी. पठारावर ती एक गैरसमजाची भेट टळली असती तरी गुडमनसारखे तेही घरी पोचले असते, आणि त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललं नसतं.

त्या जागेला आज सेपरेशन कॅन्यन म्हणतात, फाटाफुटीची घळ. १९३० च्या दशकात हूव्हर धरण झालं आणि लेक मीडचं पाणी मागे चढून तो उतारच बुडाला. पुढे तिथल्या खडकावर तिघांच्या नावाची एक पाटी बसवली गेली. ती बघायची तर नावेनेच जावं लागतं.

जाता जाता आपल्या आवडीची एक गोष्ट. पॉवेलचा सहकारी क्लॅरेन्स डटन याने १८८२ मध्ये या दरीवर ग्रंथ लिहिला. त्याला इथले सुळके देवळांसारखे दिसले आणि त्याने त्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली. पुढे त्यात ब्रह्मा, बुद्ध, मनू, कृष्ण, राम यांची भर पडली. तळाच्या काळ्या खडकाचं नावही विष्णू शिस्ट. वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे यापुढे बाळच! तिघांनी ज्या काळ्या कड्यांपुढे हात टेकले ते याच जातीचे. आणि नकाशा नीट पाहिला तर या देवळांच्या गर्दीत काही साधी नावं सापडतात. सम्नर, ब्रॅडली, हॉकिन्स, हॉल. आणि हो, हाउलंड्स ब्यूट आणि डन ब्यूटसुद्धा. पाटीने गाळलेली नावं नकाशा काढणाऱ्यांनी दगडांना दिली. एका नकाशा काढणाऱ्याची ती तरी बूज राखली गेली, असं मला वाटलं.

आता हे सगळं इतक्या वर्षांनी का लिहितोय?

आमचा नाशिककर २०२२ मध्ये बायको-मुलांसह कायमचा परत गेला. ग्रीन कार्डच्या रांगेत तो दहा वर्षं उभा होता. निघायच्या आदल्या शनिवारी आम्ही सगळे त्याच्याकडे जमलो आणि पुन्हा तेच बोललो. अरे, थोडं थांब, एवढी वर्षं काढलीस. प्रायॉरिटी डेट कधीही पुढे सरकेल. आणखी थोडीच नदी उरली आहे, असा एकूण सूर. पण किती उरली आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? तिकडे आईला एकटीने दवाखान्याच्या चकरा माराव्या लागत होत्या, हे फक्त त्याला ठाऊक होतं. त्याने इंडियन गार्डनमध्ये केला होता तसाच हिशेब केला आणि शांतपणे उठला. आम्हाला राइस कुकर देऊन गेला.

थांबणारे चुकले असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः अजून नावेतच आहे. पण काठावर उतरलेल्याला नाव ठेवण्याआधी आपण एवढं तरी करावं: पॉवेलच्या माणसांनी त्या सकाळी केलं तसं. बिस्किटं भाजून द्यावीत, घड्याळ सोपवावं, आणि खालून एकदा हाक मारून पाहावी.

पळपुटा हा शब्द मी मागे घेतो. त्याला फोन करून हे सांगितलं तर म्हणाला, "अरे, मी कधीच विसरलो. तू खिचडी नीट शिजवतोस का ते सांग."

चूक भूल द्यावी घ्यावी. लोभ असावा.

– नावेतला एक पुणेकर